चूक पचवण्याची ऐपत

४ फेब्रुवारी २०१४ रोजी सत्या नाडेला यांनी मायक्रोसॉफ्टच्या मुख्य कार्यकारी अधिकारीपदाची सूत्रे हाती घेतली, तेव्हा या कंपनीचे बाजारमूल्य, म्हणजे तिच्या सर्व समभागांची बाजारभावाने होणारी एकूण किंमत, सुमारे ३०० अब्ज डॉलर होते. जुलै २०२५ मध्ये हाच आकडा ४,००० अब्ज डॉलरला, भारतीय मोजणीत चार लाख कोटी डॉलरला, जाऊन भिडला. एवढ्या वाढीचे श्रेय कशाला द्यायचे या प्रश्नाला बहुधा तीन उत्तरे मिळतात : नेतृत्व, इतर कंपन्यांची खरेदी आणि कृत्रिम बुद्धिमत्ता. तिन्हींत तथ्य आहे, परंतु ती एका ओळीत मांडल्याने उलगडा होत नाही, कारण एकाच कंपनीच्या काही खरेदी फळतात तर काही बुडतात, आणि जे तंत्रज्ञान एका कंपनीला तारते तेच दुसरीला मागे टाकते.

पुढील संवादातील प्राध्यापक व्यवस्थापनशास्त्र शिकवून निवृत्त झाले असून, कंपनी म्हणजे माणसांनी घेतलेल्या निर्णयांची साखळी असे ते मानतात. त्यांची एकेकाळची विद्यार्थिनी स्पर्धा कायद्याची, म्हणजे मक्तेदारीला आळा घालणाऱ्या कायद्याची, अभ्यासक आहे. निर्णयाचे कौतुक करण्याआधी तो घेणाऱ्याच्या हाती किती बळ होते हे मोजावे, असा तिचा आग्रह आहे.

प्राध्यापक : मायक्रोसॉफ्टचे उदाहरण अभ्यासाला सोयीचे आहे, कारण एकाच संस्थेच्या दोन कालखंडांची तुलना येथे करता येते. बिल गेट्स आणि पॉल अ‍ॅलन यांनी १९७५ साली स्थापन केलेली ही कंपनी २००० ते २०१४ या काळात स्टीव्ह बाल्मर यांच्या हाती होती. त्या अवधीत तिचा वार्षिक महसूल सुमारे २३ अब्ज डॉलरवरून ७८ अब्ज डॉलरच्या घरात गेला, म्हणजे धंदा चांगलाच वाढला. पण माहितीच्या शोधात गूगल आणि मोबाइल फोनमध्ये अ‍ॅपल पुढे निघून गेली आणि मायक्रोसॉफ्टच्या समभागाचा भाव वर्षानुवर्षे जागचा हलला नाही. पुढच्या दशकात, बहुतांशी त्याच अभियंत्यांच्या आणि त्याच गंगाजळीच्या जोरावर, कंपनीचे रूप पालटले. मधल्या काळात बदलला तो धुरीण, आणि म्हणून नेतृत्वाचा परिणाम येथे नाकारता येत नाही.

अभ्यासक : सर, तुलना करायची तर पेरणी कोणी केली हेही पाहावे लागेल. नाडेलांच्या काळातील वाढीचा कणा म्हणजे क्लाउड, अर्थात स्वतः संगणक विकत न घेता दूरच्या मोठ्या संगणककेंद्रातील क्षमता वापरापुरती भाड्याने घेण्याची सोय. मायक्रोसॉफ्टची अ‍ॅझुर ही क्लाउड सेवा फेब्रुवारी २०१० मध्ये आणि वर्गणीवर मिळणारे ऑफिस ३६५ जून २०११ मध्ये सुरू झाले, म्हणजे दोन्ही बाल्मर यांच्याच कारकिर्दीत. कर्मचाऱ्यांना ठरावीक प्रमाणात उत्तम ते निकृष्ट अशा श्रेणींत बसवण्याची, त्यामुळे शेजारच्या सहकाऱ्यालाच प्रतिस्पर्धी बनवणारी मूल्यमापनपद्धतही नोव्हेंबर २०१३ मध्ये, नव्या धुरिणाच्या आगमनापूर्वीच, बंद झाली होती. मार्च २०१४ मध्ये अ‍ॅपलच्या आयपॅडसाठी ऑफिस बाजारात आले, तेव्हा नाडेलांच्या खुल्या धोरणाची नांदी म्हणून त्याचे स्वागत झाले; पण असे सॉफ्टवेअर सात आठवड्यांत लिहून होत नाही.

प्राध्यापक : पेरणीबाबतचा आक्षेप अंशतः मान्य करावा लागेल, जरी त्या पेरणीत नाडेलांचाही हात होता, कारण २०११ पासून सर्व्हर आणि संबंधित साधनांचा विभाग तेच सांभाळत होते. परंतु बाल्मर यांच्या शिवारात झून हे संगीत ऐकण्याचे उपकरणही पेरले गेले होते आणि विंडोज फोनही. कोणत्या रोपाला पाणी द्यायचे आणि कोणते उपटायचे हे ठरवणे हेच नेतृत्वाचे अवघड काम असते. मायक्रोसॉफ्टमध्ये अनेक वर्षे विंडोज ही संगणकाची मूळ कार्यप्रणाली केंद्रस्थानी होती आणि बाकी प्रत्येक वस्तूने तिची सेवा करावी अशी अपेक्षा होती. लिनक्स या मुक्त कार्यप्रणालीला बाल्मर यांनी २००१ साली कर्करोगाची उपमा दिली होती. तीच कंपनी नोव्हेंबर २०१६ मध्ये लिनक्स फाउंडेशनची सभासद झाली. जे सोडले तर कंपनीची ओळखच पुसली जाईल असे वाटत होते, ते सोडण्याचा हा निर्णय होता. नोकियाचेही तसेच. तिचा फोनचा धंदा घेण्याचा करार सप्टेंबर २०१३ मध्ये झाला, त्यापूर्वी वरिष्ठांत झालेल्या मतचाचणीत आपण विरोधात होतो असे नाडेलांनी २०१७ च्या ‘हिट रिफ्रेश’ या पुस्तकात नमूद केले आहे. तरी एप्रिल २०१४ मध्ये तो व्यवहार त्यांनाच पुरा करावा लागला. जुलै २०१५ मध्ये त्यांनी ७.६ अब्ज डॉलरचे नुकसान हिशेबात मान्य केले आणि सुमारे ७,८०० पदे रद्द केली. चूक ओळखून ती सव्वा वर्षात मोडीत काढणे याला धैर्य लागते.

अभ्यासक : धैर्य लागते हे खरे, पण त्याआधी ऐपत लागते, आणि वादाचा मुद्दा नेमका तिथेच आहे. त्यासाठी हिशेबातील एकच नोंद जवळून पाहू. एखादी कंपनी तिच्या मोजता येणाऱ्या निव्वळ मालमत्तेपेक्षा अधिक किमतीला घेतली, तर वरच्या रकमेला लेखाशास्त्रात ख्याती आणि व्यवहारात गुडविल म्हणतात. ती ताळेबंदात मालमत्तेच्या बाजूला बसते, आणि तिच्यातून अपेक्षित कमाई होणार नाही असे दिसले की ती नफ्यातून वजा करावी लागते. मायक्रोसॉफ्टने २००७ साली अ‍ॅक्वांटिव्ह ही इंटरनेटवरील जाहिरातींची कंपनी सुमारे ६.३ अब्ज डॉलरना घेतली आणि २०१२ मध्ये त्यांतले ६.२ अब्ज डॉलर एका ओळीत पुसून टाकले. पाच वर्षांनंतर त्या किमतीतले जवळजवळ काहीच उरले नव्हते. त्या तिमाहीत कंपनीने ४९ कोटी डॉलरचा तोटा दाखवला, आणि १९८६ साली समभाग बाजारात आल्यापासूनचा तो तिचा पहिलाच तिमाही तोटा होता. पण त्याच आर्थिक वर्षाचा निव्वळ नफा, हे सारे वजा जाऊनही, सुमारे १७ अब्ज डॉलर भरला. एखाद्या मध्यम कंपनीला अशा एका ओळीने टाळे लागले असते. येथे पुढच्या तिमाहीत सारे सुरळीत झाले, कारण विंडोज आणि ऑफिस यांच्या परवान्यांचा पैसा जगभरातून अखंड येत होता. मोठी कंपनी कमी चुका करते म्हणून वाढते असे नाही. चूक पचवण्याची ऐपत तिच्याकडे असते, आणि त्या ऐपतीचे मूळ जुन्या मक्तेदारीत असते.

प्राध्यापक : मग हीच ऐपत असलेल्या इतरांचे काय झाले? इंटेलने अनेक वर्षे वैयक्तिक संगणकांच्या चिपांवर जवळजवळ एकछत्री राज्य केले. तिच्याकडे पैसा होता, कारखाने होते, नामांकित अभियंते होते, तरी मोबाइल फोनची लाट तिच्या हातून निसटली, पाठोपाठ कृत्रिम बुद्धिमत्तेचीही, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या डाऊ जोन्स निर्देशांकातील तिची जागा एन्व्हिडियाला मिळाली. ऐपतीनेच सारे होत असते, तर कोणतीही श्रीमंत कंपनी कधी मागे पडलीच नसती.

अभ्यासक : हे उदाहरण बिनतोड आहे, आणि त्यामुळे मूळ विधान थोडे दुरुस्त करावे लागेल. ऐपत ही वाढीची पुरेशी अट नसून आवश्यक अट आहे. तिच्याशिवाय शहाणपणाला पुनःपुन्हा प्रयत्न करण्याची संधी मिळत नाही, आणि शहाणपणाशिवाय ऐपत वाया जाते. तरीही दोहोंत एक फरक उरतो. शहाणपण नव्या उद्योजकाकडेही असू शकते, पण दुसरी, तिसरी, चौथी संधी मात्र प्रस्थापितालाच मिळते. स्पर्धा कायद्याला चिंता वाटते ती या विषमतेची.

येथवर दोघेही नेतृत्वाविषयी बोलत होते, तरी उदाहरणे मात्र सारखी खरेदीविक्रीची येत होती. तो योगायोग नव्हता, कारण मोठ्या कंपनीच्या धुरिणाचे निर्णय बाहेरच्यांना सर्वांत स्पष्ट दिसतात ते अशा व्यवहारांतच.

प्राध्यापक : खरेदीकडे केवळ गिळंकृत करण्याचा प्रकार म्हणून पाहणे अपुरे आहे. मायक्रोसॉफ्टचा पायाच एका खरेदीवर उभा आहे : आयबीएमच्या १९८१ च्या वैयक्तिक संगणकासाठी लागणारी कार्यप्रणाली तिने स्वतः मुळापासून लिहिली नाही, तर सिअ‍ॅटल कॉम्प्युटर प्रॉडक्ट्स या छोट्या कंपनीची ८६-डॉस नावाची प्रणाली सुमारे ७५ हजार डॉलरना घेऊन तिचे एमएस-डॉस केले. खरी कमाई मात्र त्या खरेदीतून झाली नाही, ती आयबीएमशी झालेल्या कराराने झाली, कारण हीच प्रणाली इतर संगणक बनवणाऱ्यांनाही विकण्याचा हक्क मायक्रोसॉफ्टने आपल्याकडे राखला होता. वस्तू कोणालाही विकत घेता येते. ती कोठे बसवायची याची दृष्टी विकत मिळत नाही. २०१६ साली २६.२ अब्ज डॉलरना लिंक्डइन आणि २०१८ साली ७.५ अब्ज डॉलरना गिटहब घेतल्यावर नाडेलांनी दोन्हींची नावे, कार्यालये आणि कामाची पद्धत बऱ्याच अंशी तशीच ठेवली. नोकियाला आपल्या साच्यात घातल्याने ती खरेदी फसली होती. या वेळी नवे घर लागलेल्यांना त्यांच्या रीतीने राहू दिले.

अभ्यासक : राहू दिले, हे खरे, पण त्यात बाहेरच्या डोळ्याचाही वाटा होता. लिंक्डइनच्या व्यवहाराला युरोपीय आयोगाने डिसेंबर २०१६ मध्ये अटींवर मान्यता दिली आणि संगणक उत्पादकांवर लिंक्डइनची सक्ती होऊ नये अशी हमी पाच वर्षांसाठी घेतली. अ‍ॅक्टिव्हिजन ब्लिझर्ड ही खेळ बनवणारी कंपनी ६८.७ अब्ज डॉलरना घेण्याची घोषणा जानेवारी २०२२ मध्ये झाली, पण ब्रिटनच्या स्पर्धा प्राधिकरणाने एप्रिल २०२३ मध्ये ती खरेदी रोखली, आणि क्लाउडवरून खेळ पुरवण्याचे हक्क युबिसॉफ्ट या प्रतिस्पर्ध्याला देण्याची तयारी दाखवल्यावरच ऑक्टोबर २०२३ मध्ये व्यवहार पुरा झाला. तीन महिन्यांनी खेळांच्या विभागातील सुमारे १,९०० पदे रद्द झाली, आणि खरेदीच्या यशाचा हिशेब मांडताना ही बाजूही धरावी लागते. शिवाय सत्ता वाढवण्यासाठी दरवेळी खरेदी करावीच लागते असे नाही. टीम्स हे कार्यालयीन संवादाचे साधन ऑफिसच्या वर्गणीला जोडून दिले गेले, तेव्हा ज्या कचेरीत ऑफिस आधीच होते तिला स्लॅकसारख्या प्रतिस्पर्ध्याला वेगळे पैसे मोजण्याचे कारण उरले नाही. एका लोकप्रिय वस्तूच्या पाठीवर दुसरी वस्तू ग्राहकाच्या घरात पोचवण्याच्या या प्रकाराला जोडविक्री म्हणता येईल. स्लॅकने २०२० मध्ये तक्रार केली, आणि टीम्सशिवायचा ऑफिस संच कमी किमतीत देण्याची मायक्रोसॉफ्टची हमी आयोगाने सप्टेंबर २०२५ मध्ये स्वीकारली. पाच वर्षांनी मिळालेला न्याय प्रतिस्पर्ध्याच्या काय उपयोगी पडतो?

प्राध्यापक : कायदा संथ चालतो हे मान्य. पण जोडविक्रीचा दोष मायक्रोसॉफ्टवर लागला तो काही आजचा नाही. विंडोजला इंटरनेटचा ब्राउझर जोडल्याच्या खटल्यात जून २००० मध्ये अमेरिकी न्यायालयाने तिचे दोन तुकडे करण्याचा आदेश दिला होता, आणि वरच्या न्यायालयाने तो २००१ मध्ये रद्द केला. त्या खटल्याचा धाक कंपनीला पुढे अनेक वर्षे होता, आणि गूगलला वाढायला जागा मिळाली त्यात त्या धाकाचाही वाटा असावा, असे अनेकांनी म्हटले आहे. कायदा आणि नेतृत्व या परस्परविरोधी गोष्टी नाहीत; मर्यादा कोठे आहे हे ठाऊक असलेला नेता अधिक विचाराने पाऊल टाकतो.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या क्षेत्रात खरेदी, भागीदारी आणि भाडेपट्टा यांतील सीमारेषा इतक्या पुसट झाल्या आहेत की, वाढीची जुनी साधने तेथे कोणत्या रूपात वावरतात हे वरवर पाहून कळत नाही. संवादाचा उत्तरार्ध म्हणूनच त्या क्षेत्राकडे वळतो.

प्राध्यापक : मायक्रोसॉफ्टची स्वतःची संशोधन संस्था १९९१ पासून आहे, तरी कृत्रिम बुद्धिमत्तेत कंपनीची सुरुवातीची काही जाहीर पावले अडखळलेली होती : मार्च २०१६ मध्ये ट्विटरवर सोडलेला टे हा संवादयंत्रमानव लोकांकडून शिकून द्वेषाची भाषा बोलू लागला आणि एका दिवसाच्या आत मागे घ्यावा लागला. स्वतःच्या प्रयोगशाळेचा अभिमान बाजूला ठेवून २०१९ मध्ये ओपनएआय या बाहेरच्या संस्थेत एक अब्ज डॉलर गुंतवणे हा त्या पार्श्वभूमीवर दूरदृष्टीचा निर्णय ठरतो, कारण तिचे चॅटजीपीटी हे संवादसाधन लोकांसमोर यायला तेव्हा तीन वर्षांहून अधिक अवकाश होता. या निर्णयाची सांगड गिटहबशी कशी बसली हे पाहण्यासारखे आहे. गिटहब ही जगभरच्या प्रोग्रॅमरांनी आपला कोड, म्हणजे संगणकाला दिलेल्या सूचनांचा मजकूर, ठेवण्याची व एकमेकांचा वाचण्याची जागा आहे. २०२१ मध्ये तेथे कोपायलट आला. प्रोग्रॅमर पडद्यावर एक ओळ लिहितो, उदाहरणार्थ दोन तारखांमधील दिवस मोजायचे आहेत असे साध्या इंग्रजीत, आणि तिच्याखाली करड्या अक्षरांत पुढच्या पाचसहा ओळी आपोआप उमटतात. टॅबची कळ दाबली की त्या करड्या ओळी त्याच्याच कोडाचा भाग होतात. त्या करड्या ओळींत विकत घेतलेले गिटहब आहे, गुंतवणूक केलेले ओपनएआय आहे आणि दोहोंना एका ठिकाणी आणणारा निर्णयही आहे.

अभ्यासक : त्या करड्या ओळींत आणखी एक गोष्ट आहे, आणि ती म्हणजे ज्या असंख्य प्रोग्रॅमरांनी आपला कोड इतरांना शिकता यावे म्हणून खुला ठेवला त्यांचे श्रम. भाषाप्रतिमान, म्हणजे प्रचंड मजकुरातील सांगड शिकून पुढचा शब्द वर्तवणारी प्रणाली, अशा श्रमांवरच पोसली जाते. परवान्यांच्या अटी न पाळता हा कोड वापरला गेला, असा दावा करणारा खटला काही प्रोग्रॅमरांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये कोपायलटविरुद्ध दाखल केला. ओपनएआयच्या व्यवहाराचीही रचना पाहावी : २०१९ च्या करारानुसार ओपनएआयने अ‍ॅझुर हीच आपली क्लाउड सेवा ठरवली, म्हणजे गुंतवणूकदार तोच पुरवठादार झाला, आणि एका हाताने दिलेला पैसा भाड्याच्या रूपाने दुसऱ्या हातात परतू लागला. ऑक्टोबर २०२५ च्या फेररचनेत मायक्रोसॉफ्टचा वाटा सुमारे २७ टक्के ठरला आणि ओपनएआयने अ‍ॅझुरच्या २५० अब्ज डॉलरच्या सेवा घेण्याचे मान्य केले. मार्च २०२४ चा दुसरा व्यवहार तर अधिक बोलका आहे. इन्फ्लेक्शन या कंपनीचे सहसंस्थापक मुस्तफा सुलेमान आणि त्यांचे बहुतेक सहकारी मायक्रोसॉफ्टच्या नोकरीत आले. कंपनी मात्र कागदोपत्री होती तशीच राहिली. माणसे घेतली, कंपनी घेतली नाही. ब्रिटनच्या प्राधिकरणाने या हालचालीला विलीनीकरणच मानले, आणि स्पर्धेला धोका नाही असे ठरवून सप्टेंबर २०२४ मध्ये मार्ग मोकळा केला. पण खरेदीची व्याख्या आता कागदावरून ठरवता येत नाही, एवढे त्यातून निश्चित झाले.

प्राध्यापक : व्याख्या बदलाव्या लागतील, हे रास्त. पण या साऱ्याचा उपयोग शेवटी कोणाला होतो हेही मोजले पाहिजे. बारामतीच्या अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टच्या उसाच्या प्रायोगिक शेतीत मायक्रोसॉफ्टच्या तंत्रज्ञानाच्या आधारे जमिनीतील संवेदक, उपग्रहाची चित्रे आणि हवामानाची माहिती एकत्र करून पाणी कधी आणि किती द्यावे याचा सल्ला दिला जातो. उसाला पाट सोडून मोकळे होण्याची सवय असलेल्या प्रदेशात हा सल्ला मोलाचा आहे, आणि एवढी मोठी यंत्रणा उभारण्याची ताकद लहान कंपनीत नसते.

अभ्यासक : उपयोग नाकारण्याचे कारण नाही, त्या शेताची माहिती कोणाच्या मालकीची राहील हा प्रश्न मात्र तेवढाच महत्त्वाचा आहे. आणि यंत्रणेच्या आकाराचा उल्लेख झालाच आहे, तर ऐपतीकडे पुन्हा वळावे लागेल. क्लाउड हा शब्द ढगासारखा हलका वाटतो, पण त्याच्या मागे इमारती, वीज आणि पाणी आहे. भारतातील पहिली तीन केंद्रे कंपनीने २०१५ मध्ये पुणे, मुंबई आणि चेन्नई येथे सुरू केली. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी लागणाऱ्या केंद्रांवर जून २०२५ ला संपणाऱ्या आर्थिक वर्षात सुमारे ८० अब्ज डॉलर खर्च करण्याचे मायक्रोसॉफ्टने जाहीर केले होते, आणि त्या वर्षाचा तिचा निव्वळ नफा सुमारे १०२ अब्ज डॉलर होता. अ‍ॅक्वांटिव्हची चूक २०१२ च्या, ती वजा होण्यापूर्वीच्या नफ्याच्या साधारण पाव हिश्श्याएवढी होती आणि एकदाच घडली. येथे नफ्याच्या चारपंचमांशाएवढी रक्कम एका वर्षात उभी करायची होती, आणि ते वर्ष शेवटचे नव्हते.

प्राध्यापक : एक भेद मात्र लक्षात घ्यावा. केंद्रांवरचा खर्च एका वर्षाच्या नफ्यातून वजा होत नाही. तो घसाऱ्याच्या रूपाने, म्हणजे मालमत्तेच्या आयुष्यभर थोडा थोडा, वजा होतो.

अभ्यासक : आणि ते आयुष्य किती धरायचे हे कंपनीच ठरवते. सर्व्हर चार वर्षे टिकतात असे मायक्रोसॉफ्ट आधी धरत असे. २०२२ मध्ये तिने हा काळ सहा वर्षे केला, आणि लोखंड तेच राहूनही पुढच्या वर्षाच्या कार्यचालन नफ्यात सुमारे ३.७ अब्ज डॉलरची भर पडली. पण एन्व्हिडियाची नवी चिप दर वर्षा-दोन वर्षांनी येत असताना सहा वर्षांनी आजच्या चिपला कोण भाडे देईल? दुसरीकडे, याच केंद्रांच्या विजेची गरज भागवण्यासाठी पेनसिल्व्हेनियातील थ्री माइल आयलंड येथील बंद पडलेली अणुभट्टी पुन्हा सुरू करण्याचा करार सप्टेंबर २०२४ मध्ये झाला, आणि तो वीस वर्षांचा आहे.

प्राध्यापक : म्हणजे विजेचे वचन वीस वर्षांचे, यंत्रांचे आयुष्य सहा वर्षांचे आणि भागधारकांना हिशेब द्यायचा दर तीन महिन्यांनी. अंथरूण पाहून पाय पसरावेत असा सल्ला द्यायचा, तर अंथरूण किती लांब आहे हेच येथे कोणाला मोजता येत नाही.

अभ्यासक : म्हणूनच नेतृत्वाविषयीचा तुमचा मुद्दा, सर, आज पूर्वीपेक्षा अधिक पटतो. नोकिया आणि अ‍ॅक्वांटिव्ह यांच्या वेळी निर्णय चुकला तरी जुनी मिळकत तो पोटात घालत होती, त्यामुळे धुरिणाचे शहाणपण किती आणि मक्तेदारीची कमाई किती हे वेगळे करणे अशक्य होते. आता प्रथमच पैज मिळकतीच्या तोडीची झाली आहे.

प्राध्यापक : आणि तुमचा मुद्दाही त्याच कारणाने पटतो. ही पैज लावण्याचा अधिकार ज्या चारपाच कंपन्यांना आहे, तो त्यांना शहाणपणाच्या परीक्षेत उत्तीर्ण होऊन मिळालेला नाही. आधीच्या चुका पचल्या म्हणून मिळालेला आहे. त्या पचल्या कोणाच्या पैशावर, हे पाहायचे झाले तर कोणत्याही कचेरीतला एखादा जुना संगणक सुरू करावा. पडदा उजळताच पहिल्यांदा जी खूण दिसते, तिच्या परवान्याचे पैसे तो संगणक घेताना मोजून झालेले असतात.